चुकीचा लिव्हर हलतच का नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या सिग्नल केबिनमध्ये चाळीस-पन्नास लिव्हर ओळीने उभे असतात. ते ओढणारा माणूस दमलेला असेल, पेंगत असेल, आणि त्याने घाईत भलताच लिव्हर ओढला तर दोन गाड्या एकमेकींवर आदळणार नाहीत का? शिवाय, समोरचा रूळ मोकळा दिसत असतानाही गाडी लाल सिग्नलला दहा-पंधरा मिनिटं का उभी राहते?

माझी बरीचशी नोकरी सिग्नलच्या दुरुस्ती-देखभालीत गेली. सुरुवातीला तारा, रॉड आणि लिव्हर होते, नंतर रिले, म्हणजे विजेच्या प्रवाहाने उचलले जाणारे स्विच, आले, शेवटी संगणक. त्यामुळे हे प्रश्न वाचून सविस्तर लिहावंसं वाटलं. दोन्हींचं उत्तर मुळात एकच आहे. केबिनमधल्या यंत्रणेचं मुख्य काम नाही म्हणणं हे आहे. सिग्नल सुटण्याआधी काही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, आणि त्यातली एकही सिद्ध झाली नाही तर सिग्नल लालच राहतो. माणसाने कितीही जोर लावला तरी.

आधी रेल्वेला याची गरज का, ते पाहू. ड्रायव्हरला स्टिअरिंग नसतं, रूळ नेईल तिकडे जायचं. आणि पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं म्हणून गाडी सहज धावते, पण त्याच कारणाने ती चटकन थांबतही नाही. ताशी १६० किलोमीटरने जाणारी गाडी नेहमीचा ब्रेक लावल्यावर उभी राहायला साधारण सव्वा ते दीड किलोमीटर घेते. वळण असेल, धुकं असेल, रात्र असेल, तर ड्रायव्हरला एवढं पुढचं दिसणं शक्यच नाही. जे त्याला दिसत नाही ते दुसऱ्या कुणीतरी पाहून त्याला सांगायला हवं. सिग्नल म्हणजे एवढंच.

आता केबिनमध्ये चला. वरच्या मजल्यावर खिडक्याच खिडक्या, मध्ये लिव्हरची रांग, समोरच्या फळीवर घंटा आणि ब्लॉकची यंत्रं. लिव्हरला रंग दिलेले असतात. लाल म्हणजे थांबण्याचा सिग्नल, काळा म्हणजे रुळांचा सांधा, ज्याला आम्ही पॉइंट म्हणतो, निळा म्हणजे त्या सांध्याचं कुलूप, पांढरा म्हणजे वापरात नसलेला. मुठी घासून लख्ख ठेवलेल्या असतात आणि जुना केबिनमन लिव्हरला उघड्या हाताने कधी शिवत नाही. खांद्यावरचं फडकं मुठीवर टाकूनच तो ओढतो, कारण घामाने पोलाद गंजतं. एकदा एका केबिनमध्ये मी नुसत्या हाताने लिव्हर धरला तेव्हा तिथल्या मामांनी काही न बोलता फडकं माझ्या हातात दिलं होतं.

खरी गंमत मात्र खाली, जमिनीच्या फळ्यांखाली आहे. प्रत्येक लिव्हरला एक चपटी पोलादी पट्टी जोडलेली असते. लिव्हर ओढला की ती सरकते. या पट्टीच्या कडेला तिरक्या बाजूंच्या खाचा कापलेल्या असतात, तिला आम्ही टॅपेट म्हणतो. दोन टॅपेटच्या मध्ये, आडव्या दिशेने, धातूचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. त्यांची टोकंही तशीच तिरकी घासलेली. पहिली टॅपेट सरकली की तिच्या खाचेतला ठोकळा बाजूला ढकलला जातो आणि शेजारच्या टॅपेटच्या खाचेत शिरतो. आता ती दुसरी टॅपेट जागची हलू शकत नाही. उलट दुसरी आधीच ओढलेली असेल तर तिची खाच समोर नसते, ठोकळ्याला जायला जागा उरत नाही, म्हणून पहिलीच अडकून बसते. वीज नाही, स्प्रिंग नाही. दोन वस्तू एका जागी मावत नाहीत, या एका गोष्टीवर सगळं उभं आहे.

एक साधं स्टेशन घ्या: एक मेन लाइन, एक लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची लाइन. सांध्याचा लिव्हर ४ नंबरचा, त्याच्या कुलपाचा ३, मेनचा सिग्नल १, लूपचा सिग्नल २, आणि समोरून मेनवर येणाऱ्या गाडीचा सिग्नल ५. गाडी लूपमध्ये घ्यायची आहे. केबिनमनने आधीच २ ओढायला घेतला तर तो बोटभरही हलणार नाही. त्याला आधी ४ ओढून सांधा लूपकडे फिरवावा लागतो, मग ३ ओढून सांध्याला कुलूप घालावं लागतं, त्यानंतरच २ सुटतो. आणि २ ओढला की ३ आणि ४ जागच्या जागी जखडले जातात. सिग्नल दिलेला असताना सांधा फिरवणं त्याच्या हातात राहत नाही. १ केव्हाच अडकलेला असतो, कारण सांधा त्याच्या बाजूचा नाही. ५ सुटू द्यायचा की नाही हे लूपच्या दुसऱ्या टोकाची रचना कशी आहे त्यावर ठरतं, आणि ते ठरवताना आमच्यातले अनुभवी लोकही कागदावर दोनदा आकृती काढतात.

चाळीस लिव्हरच्या केबिनमध्ये प्रत्येक लिव्हर ओढलेला किंवा न ओढलेला धरला तर एक लाख कोटींहून जास्त जुळण्या होतात. त्यातल्या मोजक्याच सुरक्षित. बाकीच्या सगळ्या या खाचांनी आणि ठोकळ्यांनी बंद केलेल्या असतात. इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या केबिनच्या फ्रेममध्ये १८० लिव्हर आहेत. तिच्या खालचं लॉकिंग मनात उभं करून पाहा.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: भलताच लिव्हर तो ओढायला जाईल, पण तो येणारच नाही. याला इंटरलॉकिंग म्हणतात. जॉन सॅक्सबी या इंग्रज माणसाने सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवण्याचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं. त्याआधी सांधेवाला खाली रुळापाशी उभा असायचा, सिग्नल दुसऱ्याच्या हातात असायचा, आणि दोघांचं जुळलं तर गाडी नीट जायची.

पण केबिनमधला लिव्हर ओढला गेला म्हणून दोनशे मीटरवरचा सांधा खरंच फिरला, असं कशावरून? मध्ये रॉड आहेत, क्रँक आहेत, पिना आहेत. एखादी पिन तुटली तर इकडे लिव्हर येईल आणि तिकडे सांधा जागचा हलणारही नाही. म्हणून सांध्यापाशी डिटेक्टर बसवतात. सिग्नलची तार थेट सिग्नलकडे न जाता आधी या डिटेक्टरमधून जाते. हलणारा टोकदार रूळ, म्हणजे टंग रेल, बाजूच्या रुळाला पूर्ण चिकटला असेल तरच डिटेक्टरच्या खाचा एका रेषेत येतात आणि तारेची पट्टी पुढे सरकते. नाहीतर सिग्नलचा लिव्हर अर्ध्यात अडकतो.

एका पावसाळ्यातली रात्र आठवते. रात्री दोनच्या सुमाराला निरोप आला: लूपचं कुलूप बसत नाही, मालगाडी बाहेर उभी आहे. केबिनमन घामाघूम झाला होता. आम्ही कंदील घेऊन सांध्यापाशी गेलो. टंग रेल आणि बाजूचा रूळ यांच्यामध्ये खडीचा एक खडा होता, वाटाण्याएवढा. गाडीच्या धक्क्याने उडून आत पडलेला. तो काढला, केबिनकडे कंदील हलवला, आणि कुलपाचा दांडा खट्कन आत गेला. त्या खड्याने ठेवलेल्या फटीत चाकाची कड शिरली असती तर एक चाक मेनवर आणि दुसरं लूपमध्ये गेलं असतं. केबिनमनने त्या रात्री तीनदा जोर लावला, यंत्रणेने तीनदा नकार दिला. देखभालीत हीच परीक्षा आम्ही मुद्दाम घेतो. टंग रेलच्या टोकाजवळ ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरायची आणि कुलूप लावून पाहायचं. लागलं तर सांधा नापास. काही देशांत ही पट्टी याहूनही पातळ असते.

कुलपाबरोबर आणखी एक जुनी युक्ती असायची, ती मला फार आवडते. सांध्याच्या आधी रुळाला लागून आतल्या बाजूने एक लांब दांडी बसवलेली. कुलूप काढायला गेलं की ही दांडी आधी वर उचलली जाते आणि मग पलीकडे खाली बसते. गाडी सांध्यावर असेल तर चाकाची कड दांडीवर येते, दांडी उचलली जात नाही, कुलूप निघत नाही. दांडीची लांबी डब्याच्या लागोपाठच्या दोन चाकांमधल्या मोठ्यात मोठ्या अंतराहून जास्त ठेवायची, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या रिकाम्या जागेत ती फसवली जाणार नाही. गाडीच्या पोटाखाली सांधा फिरू नये यासाठी विजेविना केलेला हा बंदोबस्त होता.

रॉडबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण उन्हाने किती त्रास होतो हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. ३०० मीटर लांबीचा पोलादी रॉड पहाट ते दुपार ३० अंशांनी तापला तर जवळजवळ ११ सेंटीमीटर वाढतो. टंग रेलची पूर्ण हालचालच साधारण तेवढी असते. म्हणजे काही केलं नाही तर दुपारच्या उन्हानेच सांधा फिरला असता! यावर उपाय म्हणून रॉडच्या मध्यावर एक उलटी क्रँक बसवतात. तिच्या अलीकडे ढकलणं असेल तर पलीकडे ओढणं होतं. दोन्ही अर्धे भाग सारखेच वाढतात आणि एकमेकांची वाढ खाऊन टाकतात. ही क्रँक बरोबर मध्यावर नसेल तर वर्षभर त्या सांध्यामागे पळापळ करावी लागते. सिग्नलच्या तारेला ही सोय नसते, ती उन्हात सैल पडते. म्हणून केबिनमनला दिवसातून दोन-तीनदा तिचा ताण कमी-जास्त करावा लागतो.

तार तुटली तर? खांबावरचा सिग्नलचा आडवा हात खाली आला की गाडी येणार, म्हणून आपल्याकडे लोक ‘सिग्नल पडला’ असंच म्हणतात. मग तुटलेल्या तारेने हात आपोआप पडायला हवा, नाही का? तसं होत नाही, कारण खांबाच्या दुसऱ्या बाजूला वजन लावलेलं असतं आणि तार सुटली की ते हाताला वर, धोक्याच्या स्थितीत ढकलतं. हातावर काही बसलं, अडकलं, तर मात्र हा भरवसा कमी पडतो. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे हिमवादळात नेमकं हेच घडलं. त्या काळी हात खांबाच्या आतल्या फटीत पडलेला असायचा आणि ‘मार्ग मोकळा’ हीच सिग्नलची नेहमीची स्थिती होती. फटीत बर्फ गोठला, केबिनमनने लिव्हर टाकला, पण हात बाहेर आलाच नाही. एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली आणि उलट दिशेने आलेली दुसरी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यावर. त्यानंतर रिवाज उलटा झाला. सिग्नल कायम लाल, गाडीपुरताच मोकळा. नंतर पुष्कळ ठिकाणी हात खाली पडण्याऐवजी वर उचलला जाणारे सिग्नलही आले, म्हणजे त्याचं स्वतःचं वजनच त्याला धोक्याकडे आणतं.

रंगांचीही गोष्ट याच धाटणीची आहे. पूर्वी पांढरा दिवा म्हणजे मार्ग मोकळा. लाल काच फुटली की आतला उघडा दिवा पांढराच दिसणार, म्हणजे बिघाड झाला की परवानगी मिळणार! १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पांढरा जाऊन हिरवा आला. आणि जुन्या रॉकेलच्या सिग्नलवरची ती ‘हिरवी’ काच जवळून पाहिलीत तर ती निळसर असते. रॉकेलच्या ज्योतीचा उजेड पिवळा, त्याच्यापुढे निळी काच धरली की लांबून हिरवा दिसतो.

इथपर्यंत एका केबिनच्या हद्दीतलं झालं. दोन केबिनच्या मधल्या रुळाचं काय?

सुरुवातीच्या रेल्वेमध्ये वेळेच्या अंतराने गाड्या सोडत. एक गाडी गेली, अमुक मिनिटं थांबा, मग दुसरी सोडा. पहिली वाटेत बंद पडली आहे की पुढे गेली, हे मागच्याला कळायचा काही मार्गच नव्हता. तारायंत्र आल्यावर वेळेऐवजी अंतर धरायची पद्धत आली. रुळाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. हाच ब्लॉक.

ब्लॉक कसा चालतो ते घंटांवरून सांगतो, इंग्लंडमधल्या पद्धतीप्रमाणे. अ केबिनकडे एक्स्प्रेस आहे. अ एक टोला देतो: लक्ष द्या. ब एक टोला परत देतो. अ चार टोले देतो: एक्स्प्रेससाठी लाइन मोकळी आहे का? ब आपलं रजिस्टर पाहतो, आधीची गाडी शेवटच्या डब्यासकट पार झाली का पाहतो, आपल्या होम सिग्नलच्या, म्हणजे येणाऱ्या गाडीला अडवणाऱ्या सिग्नलच्या, पुढे ४४० यार्ड रूळ रिकामा आहे का पाहतो. सगळं ठीक असेल तर तेच चार टोले परत वाजवतो आणि यंत्राची सुई ‘लाइन क्लिअर’वर फिरवतो. मग अ सिग्नल देतो. गाडी अ वरून निघाली की दोन टोले, ब सुई ‘लाइनवर गाडी’ या खुणेवर नेतो. गाडी ब वरून गेली, शेवटच्या डब्याचा दिवा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की दोन टोले, थांबून एक. तुकडा मोकळा. सहा टोले आले तर समजायचं अडथळा आहे, सगळं थांबवा. प्रत्येक घंटेचा नाद वेगळा ठेवतात. पाठमोरा असलेला केबिनमनही कुठल्या बाजूची घंटा वाजली ते ओळखतो.

शेवटच्या डब्याच्या दिव्यावर एवढा भर का? वाटेत कपलिंग तुटून मागचे चार डबे राहून गेले तर पुढची गाडी नेहमीसारखीच दिसते, फक्त शेपटीला दिवा नसतो. ते मागे राहिलेले डबे कळायची त्या काळी तेवढीच एक खूण होती.

परतीचा टोला आणि नेमका शब्द यांचं महत्त्व क्लेटन बोगद्याने शिकवलं. २५ ऑगस्ट १८६१, ब्रायटनहून तीन गाड्या काही मिनिटांच्या अंतराने निघाल्या. बोगद्याच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस आणि मध्ये तारायंत्र. पहिली गाडी आत गेली, पण तिच्यामागे सिग्नल आपोआप धोक्यावर जायचा तो गेला नाही. दुसरी त्याच सिग्नलवरून येऊन बोगद्यात शिरत असताना माणसाने लाल निशाण हलवलं. तिच्या ड्रायव्हरने ते पाहिलं की नाही याची त्याला खात्री नव्हती. त्याने पलीकडे विचारलं, बोगदा मोकळा आहे का? तिकडच्याला पहिलीच गाडी ठाऊक होती आणि ती नुकतीच बाहेर आली होती. त्याने कळवलं, मोकळा आहे. इकडच्याला वाटलं दुसरी बाहेर पडली. त्याने तिसरीला पांढरं निशाण दाखवलं. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने लाल निशाण पाहिलेलं होतं. तो थांबून गाडी मागे घेत होता. २३ माणसं गेली. तो सिग्नलवाला त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. या घटनेत कुणीच खोटं बोललं नाही. ‘कोणती गाडी’ हे विचारायची आणि सांगायची पद्धतच नव्हती.

तरी कंपन्या खर्चाचं कारण सांगत राहिल्या. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची भरगच्च गाडी चढावर अडकली. मागचे डबे सोडून पुढचे आधी नेऊ असं ठरलं, आणि सुटे केलेले डबे उतारावरून मागे घरंगळत गेले. मागून वेळेच्या हिशेबाने सोडलेली दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० जणांचा जीव गेला, त्यांत पुष्कळ मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: प्रवासी मार्गावर ब्लॉक, सांधे-सिग्नलचं इंटरलॉकिंग, आणि डबा तुटला तर आपोआप लागणारा ब्रेक. एवढ्या अंत्ययात्रांनंतर ते झालं, आणि यातली तिन्ही तंत्रं तेव्हा कित्येक वर्षं जुनी होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

एकेरी मार्गाचं आणखी वेगळं. तिथे समोरासमोर धडक हीच मोठी भीती. उपाय असा की त्या तुकड्यासाठी एक वस्तू ठेवायची, ती हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही. कुठे ती काठी, कुठे बिल्ला, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गोळा. १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये थॉर्प इथे दोन गाड्या एकेरी मार्गावर समोरासमोर सोडल्या गेल्या, त्यानंतर एडवर्ड टायर याने १८७८ मध्ये विजेने जोडलेली यंत्रांची जोडी बनवली. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, दोन्हींत बिल्ले भरलेले, पण दोन्ही मिळून एका वेळी एकच बिल्ला बाहेर येऊ शकतो. तो परत कुठल्या तरी एका यंत्रात गेल्याशिवाय दुसरा निघत नाही.

हे यंत्र इतकं भरवशाचं की धडक व्हायला वाव नाही असं वाटावं. २६ जानेवारी १९२१ ला वेल्समधल्या ॲबरम्यूल स्टेशनवर एक पॅसेंजर गाडी आली. ड्रायव्हरने मागच्या तुकड्याचा बिल्ला दिला. तो यंत्रात घालण्याऐवजी स्टेशनमधल्या माणसांच्या हातून फिरून पुन्हा त्याच ड्रायव्हरकडे आला. सगळ्यांना वाटलं हा पुढच्या तुकड्याचा. बिल्ल्यावर तुकड्याचं नाव कोरलेलं असतं. कुणीच वाचलं नाही, ड्रायव्हरनेही नाही. समोरून एक्स्प्रेस तिच्या खऱ्या बिल्ल्यासह येत होती. १७ मृत्यू झाले. आमच्याकडे नवीन माणसाला गोळा किंवा बिल्ला हातात घेतला की त्यावरचं नाव मोठ्याने वाचायला लावतात. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं.

माणूस विसरतो, ही केबिनची सगळ्यात जुनी दुखरी जागा. २२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल इथे एक लोकल गाडी तात्पुरती दुसऱ्या मेन लाइनवर, केबिनच्या अगदी खिडकीसमोर उभी केली होती. पाळीवर उशिरा येणारा केबिनमन त्याच गाडीने आला होता. उशीर लपावा म्हणून आधीच्या नोंदी कागदाच्या तुकड्यावर केलेल्या, त्या रजिस्टरमध्ये उतरवण्यात तो गुंतला. त्याने त्याच लाइनवर सैनिकांच्या गाडीला लाइन क्लिअर दिलं. दोनशेहून जास्त माणसं मेली. उपाय तिथेच, हाताशी होता: लिव्हर कॉलर, म्हणजे लिव्हरच्या मुठीवर चढवायचं एक कडं. लाइनवर गाडी उभी असताना ते सिग्नलच्या लिव्हरवर अडकवायचं, म्हणजे सवयीने हात गेला तरी खटका दाबता येत नाही. त्या सकाळी ते चढवलं गेलं नाही. मी केबिन तपासायला गेलो की कॉलर कुठे ठेवलेत ते आधी पाहायचो. खुंटीवर धूळ खात असलेला कॉलर दिसला की पुढचं बोलणं लांबायचं.

विसरणाऱ्या माणसाची आठवण ठेवणारी यंत्रणा म्हणजे ट्रॅक सर्किट. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशन घालून बाकीच्या रुळापासून वेगळा करायचा. एका टोकाला दोन रुळांमध्ये बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. तुकडा रिकामा असताना बॅटरीचा प्रवाह एका रुळाने जाऊन रिलेतून दुसऱ्या रुळाने परत येतो. रिले उचललेला राहतो, म्हणजे मोकळं. गाडी आत आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाहाला जवळची वाट मिळते, रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही आणि रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो. सिग्नल लाल.

आता उलटा विचार करा. बॅटरी उतरली, रिले पडतो. तार तुटली, रिले पडतो. रूळ तुटून दोन भाग अलग झाले, तरी बहुतेक वेळा पडतो. पाण्याने खडी भिजून प्रवाह गळायला लागला, तरी पडतो. गाडी नसताना सिग्नल लाल राहतो तो यामुळे. प्रवाह असेल तरच मोकळं, हे रॉबिन्सनने ठरवलं म्हणून बिघाड आणि गाडी दोन्ही यंत्रणेला सारखेच दिसतात. तपासताना आम्ही ०.५ ओहम रोधाचा, म्हणजे विजेला थोडाच अडथळा करणारा, तुकडा दोन रुळांवर ठेवतो. एवढ्यानेही रिले पडलाच पाहिजे. उलट दिशेचा धोका गंजाचा. आठवडाभर गाडी न गेलेल्या रुळावर गंजाचा थर बसतो, चाक रुळावर असूनही वीज नीट जोडली जात नाही, आणि गाडी असताना रिले उचललेला राहू शकतो. म्हणून अशा लाइनवर चाकं मोजणारी यंत्रं बसवतात: आत किती आस गेल्या, बाहेर किती आल्या. आकडा जुळला तरच मोकळं.

रिलेही साधे नसतात. दोन धातू ठिणगीने एकमेकांना चिकटले तर रिले पडूनही वीज चालू राहील, म्हणून महत्त्वाच्या संपर्कात एका बाजूला चांदी तर दुसऱ्या बाजूला कार्बन वापरतात. ते एकमेकांना जुळून बसत नाहीत. जुन्या रिले रूममध्ये रात्री एकटं उभं राहिलं की गाडी पुढे सरकते तसे रिले एकामागून एक टक्-टक् पडत आणि उचलत जातात. डोळे मिटूनही गाडी कुठे आहे ते सांगता येतं.

पण या सगळ्याला माणसाचाच हात लागलेला असतो. लंडनजवळ क्लॅपम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ ला ३५ जण गेले. नवीन वायरिंग करताना एक जुनी तार एका टोकाला जोडलेलीच राहिली. दुसरं टोक कापून गुंडाळायला हवं होतं, ते नुसतं बाजूला सारलं होतं. दोन आठवड्यांनी शेजारच्या कामात ती हलली, जुन्या जागी टेकली आणि रिलेला प्रवाह देत बसली. पुढे गाडी उभी असूनही सिग्नल लाल झाला नाही. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तारा मोजून पाहायच्या असतात, ते झालं नव्हतं. मी वायरिंगचं काम केलं त्या प्रत्येक ठिकाणी जुनी तार दोन्ही टोकांना कापून, तुकडा हातात घेऊन, दुसऱ्या माणसाला मोजायला लावूनच खोली बंद केली. रात्रीची वेळ असली, गाड्या खोळंबल्या, वरून फोनवर फोन आले, तरीही.

संगणकाचं इंटरलॉकिंग १९७८ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिल्यांदा लागलं. आत काय बदललं? फारसं काही नाही. ठोकळ्यांच्या जागी सूत्रं आली. बऱ्याच रचनांमध्ये तीन संगणक एकच हिशेब करतात, दोघांचं जुळलं तरच आज्ञा बाहेर जाते आणि वेगळं उत्तर देणारा बाजूला काढला जातो. केबिनी बंद झाल्या, शेकडो किलोमीटर एका खोलीतून चालू लागले. पण सांधा चिकटला का, कुलूप बसलं का, तुकडा रिकामा का, समोरची गाडी अडवली का, हे प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने विचारले जातात.

आता तुमची ती दहा मिनिटं. दोन कारणं नेहमीची. एक, दिलेला मार्ग रद्द करून दुसरा द्यायचा असेल तर यंत्रणा लगेच सांधा सोडत नाही. सिग्नल लाल केला तरी जवळ आलेली गाडी थांबू शकली नसेल, असं धरून ती ठरलेला वेळ मोजते, आणि तो पुरा झाल्यावरच कुलूप सुटतं. दुसरं, बिघाड. तेव्हा गाडी हलवायची तर कुणीतरी सांध्यापर्यंत चालत जातो, टंग रेल चिकटला आहे का ते वाकून पाहतो, हाताने क्लॅम्प आणि कुलूप लावतो, लाइन रिकामी असल्याची खात्री करतो, मग ड्रायव्हरला लेखी परवानगी मिळते आणि तो गाडी अगदी हळू पुढे काढतो. एरवी यंत्रणा जे एका क्षणात सिद्ध करते ते सगळं त्या वेळी एका माणसाला आपल्या डोळ्यांनी आणि हातांनी करावं लागतं. गाडीच्या खिडकीतून पुढे रुळाकडेने कंदील किंवा टॉर्च घेऊन चालणारा माणूस दिसला तर तो हेच करत असतो.